नोंदीच्या शेवटी दाखवलेली वाट

वाई येथून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली सिद्ध झालेल्या आणि 1976 साली पहिला खंड प्रकाशित झालेल्या मराठी विश्वकोशात अनेक नोंदींच्या शेवटी ‘पहा’ आणि ‘संदर्भ’ हे दोन छोटे शब्द येतात, व त्यांची कामे वेगळी आहेत. ‘पहा’ हा शब्द वाचकाला त्याच कोशातील संबंधित नोंदीकडे नेतो, तर ‘संदर्भ’ या शब्दाखाली कोशाबाहेरच्या ग्रंथांची नावे दिलेली असतात. संदर्भसूची, म्हणजे लेखनाला आधारभूत ठरलेल्या साधनांची यादी, आणि अधिक वाचनाची यादी, म्हणजे वाचकाने पुढे काय वाचावे याची शिफारस, यांतला फरक मात्र पुष्कळदा पाळला जात नाही. पहिलीत लेखकाचा प्रामाणिकपणा दिसतो, दुसरीत वाचकाविषयीची आस्था. म्हणूनच ज्या यादीत प्रत्येक पुस्तकापुढे त्यात काय आहे, ते नवख्यासाठी आहे की जाणकारासाठी, हे एका ओळीत सांगितलेले असते, ती सटीप सूची पन्नास नुसत्या नावांपेक्षा खरोखर मोलाची ठरते. लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, प्रकाशनस्थळ, वर्ष आणि आवृत्ती हा तपशील नेमका असावा, कारण आवृत्ती बदलली की पृष्ठक्रमांकही बदलू शकतात आणि ग्रंथालयात गेलेला वाचक भलत्याच पानावर पोहोचतो.