सीनियर वेब डेव्हलपर नक्की काय करतो? आणि ते काम आसनगावहून जमेल का?

आसनगावहून सीएसएमटीला लोकलने साधारण दोन तास. मुरबाडकरांना आधी एसटी नाहीतर जीपने कल्याण गाठायचं, मग गाडी. म्हणजे मुंबईत नोकरी म्हटली की रोजचे चार-पाच तास प्रवासातच गेले. त्यामुळे आपल्या शहापूर-मुरबाडकडची मुलं वेब डेव्हलपमेंटबद्दल विचारतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, "घरून काम मिळेल का?"

फ्रेशरला अवघड, सीनियरला बऱ्यापैकी सोपं. का, ते बघूया.

सुरुवातीला तयार डिझाइन हातात मिळतं, त्याचं पान बनवायचं. अडलं की शेजारच्याला विचारायचं, आणि हे शेजारी बसून जास्त पटकन होतं. सीनियरला मात्र काम असं अर्धवट सांगतात: "लोक फॉर्म मध्येच सोडतायत, बघा जरा." आता फोटो जड आहेत, सर्व्हर हळू आहे की प्रश्नच जास्त विचारलेत, हे त्याने शोधायचं. मग काय बदलायचं ते लिहून काढायचं आणि ज्युनियरचा कोड तपासायचा. यातलं बहुतेक लेखी असतं, त्यामुळे कुठूनही जमतं.

या फॉर्मचंच उदाहरण घेऊ. ऑफिसच्या वायफायवर तो झकास चालतो. डोंगराच्या आड रेंज गेली की भरलेलं सगळं गायब! यावर उपाय म्हणजे सर्व्हिस वर्कर. ही ब्राउझरमध्ये मागे चालणारी छोटी स्क्रिप्ट. ती पानाच्या फाइल्स फोनवर साठवते, म्हणून नेट नसतानाही पान उघडतं. भरलेली माहिती इंडेक्स्ड-डीबीमध्ये ठेवायची आणि रेंज आल्यावर पाठवायची. पण आयफोनवर बॅकग्राउंड सिंक चालत नाही, तिथे पान पुन्हा उघडल्यावर पाठवायची सोय लागते. आणि तोच फॉर्म दोनदा पोचला तर? प्रत्येक अर्जाला वेगळा आयडी द्यायचा, म्हणजे सर्व्हर दुसरी प्रत ओळखून टाकून देतो. असे प्रश्न आधीच सुचणं म्हणजे सीनियरपणा, असं माझं मत. नुसती वर्षं मोजून तो येत नाही. कमकुवत नेटवर्कवर वाढलेल्याला हे प्रश्न लवकर सुचतात, हा आपला फायदाच.

फ्रेमवर्कचं फार टेन्शन घेऊ नका. जेक्वेरी २००६ मध्ये आली, रिॲक्ट २०१३ मध्ये, उद्या अजून काही येईल. ब्राउझर पान कसं रंगवतो आणि एचटीटीपी रिक्वेस्ट कशी जाते, हे पक्कं असलं की नवीन शिकायला वेळ लागत नाही.

घरून काम करायचं तर इन्व्हर्टर आणि दोन कंपन्यांची सिमं हवीतच. प्रवासाचे वाचलेले तास मात्र खरोखर आपले: आवणीच्या दिवसांत सकाळी शेतावर जाता येतं, रविवारी माहुली नाहीतर गोरखगड. फक्त सीनियर झाल्यावर ऑन-कॉलची पाळी येते, म्हणजे साइट बंद पडली की फोन तुम्हालाच. त्या आठवड्यात गड विसरा. इंटरव्ह्यूत पगाराआधी हे विचारून घ्या: ही पाळी किती आठवड्यांनी येते, आणि रात्री जागल्यावर दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळते का?