समुद्रावरची पाळी

शिनोलीकरांना पाणी माहीत आहे ते घोड नदीचे आणि डिंभ्याच्या धरणाचे. अशा गावचा मुलगा नौदलात गेला, तर त्याला समुद्र शिकवतो कोण? शिक्षणकेंद्र, असे आपण म्हणाल. ते खरेच, आपल्याच जिल्ह्यात लोणावळ्याच्या ‘शिवाजी’ केंद्रात १९४५ पासून जहाजांच्या यंत्रांचे काम शिकवतात. पण आम्ही कारखान्यांच्या दारांत जन्म काढला आहे. वर्गात यंत्राचे भाग कळतात. त्याचा बिघडलेला आवाज ओळखता येतो तो जुन्या माणसाशेजारी उभे राहूनच.

जहाजावर ही जोडी पाळीत जमते. जुन्या रिवाजाने दिवसाच्या पाळ्या सात: पाच चार-चार तासांच्या, संध्याकाळच्या दोन मात्र दोन-दोन तासांच्या. म्हणजे रोज त्याच तुकडीवर मध्यरात्र येत नाही. (ही युक्ती आमच्या कित्येक मालकांना अजून सुचलेली नाही!) रात्रीच्या त्या चार तासांत जुना नवख्याला बांधलेली गाठ सोडायला लावतो, पुन्हा बांधायला लावतो. मग एके रात्री तो गाठ न तपासताच पुढे जातो. नाते जमते ते तेव्हा. पुढे घरचे पत्र, रजेचा अर्ज, उधारी, सारे त्याच्याच कानावर जाते. इंग्रजी बोलणाऱ्या आरमारांत अशा माणसाला ‘समुद्रावरचा बाप’ म्हणत.

हा बाप किती मोलाचा, हे आम्हा संघटनावाल्यांना चटकन कळते. १९५७ च्या नौदल कायद्याप्रमाणे केंद्र सरकारच्या संमतीवाचून नौसैनिकाला कामगार संघटनेत जाता येत नाही. तेव्हा गाऱ्हाणे आधी सांगायचे ते त्यालाच. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईच्या ‘तलवार’ केंद्रातील नौसैनिकांनी निकृष्ट अन्न आणि अधिकाऱ्याच्या शिव्या यांविरुद्ध संप केला. त्यांच्या संपसमितीचे अध्यक्ष झाले लीडिंग सिग्नलमन एम. एस. खान, उपाध्यक्ष पेटी ऑफिसर मदनसिंग. पोरांनी पुढारी निवडले ते आपल्याहून एक-दोन पायऱ्याच वरचे.

२०२२ च्या अग्निवीर योजनेत नोकरी चार वर्षांची ठरली. त्यानंतर चौघांत फार तर एक कायम. चारांतून शिक्षणाचे महिने वजा करा. शिवाय चौघांचा डोळा एकाच जागेवर; मग सोबत्याला आपली युक्ती कोण सांगेल? चाकणच्या कंत्राटी पोरांत आम्ही हेच पाहतो. सहा महिन्यांनी जाणार म्हटल्यावर जुना माणूस त्याला यंत्राची खोड सांगत नाही, आणि तोही विचारत नाही.

अग्निवीरांची पहिली तुकडी मार्च २०२३ मध्ये ओडिशातील चिल्का केंद्रातून बाहेर पडली. जहाजावर त्यांना हाताखाली घेणारे जुने नौसैनिक पंधरा-पंधरा वर्षांच्या बोलीवर भरती झालेले होते.