अल्पखर्ची डिजिटल ऑसिलोस्कोपमधील फर्मवेअर : प्रयोगशाळेतील मापनाच्या विश्वासार्हतेचा विचार

१. प्रस्तावना

महाविद्यालयांतील भौतिकशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळांत कॅथोड किरण ऑसिलोस्कोपची, म्हणजे आपल्या परिचयाच्या 'सीआरओ'ची जागा आता बव्हंशी डिजिटल स्टोरेज ऑसिलोस्कोपने म्हणजे 'डीएसओ'ने घेतली आहे. सीआरओमध्ये संकेताचे विभवांतर इलेक्ट्रॉनांच्या झोताला प्रत्यक्ष विचलित करीत असे. डीएसओमध्ये तसे होत नाही. येथे संकेताचे ठरावीक कालांतराने नमुने घेतले जातात, त्यांचे अंकांत रूपांतर होते आणि उपकरणातील एक आज्ञावली त्या अंकांवरून पडद्यावरील आलेख रेखाटते. वारंवारता, उदयकाल, शिखरमूल्य इत्यादी राशीही तीच आज्ञावली गणिताने काढून देते. उपकरणात कायमस्वरूपी साठवलेल्या या आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात.

विद्यार्थी पडद्यावरील आकडा जर्नलमध्ये उतरवितो, शिक्षक त्यावर स्वाक्षरी करतात आणि बहिःस्थ परीक्षक त्यावर गुण देतात. या साखळीत तो आकडा कोणत्या आज्ञावलीने व कशावरून काढला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. फर्मवेअर बदलले की तोच संकेत, तोच प्रोब आणि तेच उपकरण असूनही वाचन बदलू शकते. म्हणून फर्मवेअरची आवृत्ती हा उपकरणाच्या ओळखीचाच एक भाग मानला पाहिजे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ते स्पष्ट करण्यासाठी शैक्षणिक वापरात लोकप्रिय ठरलेल्या रिगोल या चिनी उत्पादकाच्या दोन उपकरणांचा आधार घेतला आहे. येथे सांगितलेल्या मर्यादांपैकी बहुतेक कमी किमतीच्या अन्य उपकरणांनाही लागू पडतात.

२. फर्मवेअर काय काय ठरविते ?

डीएसओचे स्थूलमानाने चार भाग पडतात. पहिला, संकेत लहानमोठा करणारा इनपुट विभाग. दुसरा, त्याचे अंकांत रूपांतर करणारा परिवर्तक. तिसरा, अंक साठविणारी स्मृती व ते वेगाने हाताळणारी एफपीजीए चिप. आणि चौथा, पडदा, बटणे व मोजमापे सांभाळणारा प्रोसेसर. यांपैकी परिवर्तकाच्या घड्याळाची गती, ट्रिगरचे वर्तन, दोन नमुन्यांमधील रेषा कशी भरावयाची, सरासरी कशी काढावयाची आणि शून्यरेषेची दुरुस्ती किती करावयाची हे सर्व फर्मवेअर ठरविते. एफपीजीएची अंतर्गत जोडणीसुद्धा उपकरण सुरू होताना स्मृतीतून भरली जाते. त्यामुळे फर्मवेअरच्या नव्या आवृत्तीबरोबर काही अंशी परिपथच बदलतो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

अल्पखर्ची उपकरणात ही जबाबदारी अधिकच वाढते. रिगोलच्या 'डीएस १०५२ई' या उपकरणात सेकंदाला १०० कोटी नमुन्यांचा दर गाठण्यासाठी एकच महाग परिवर्तक न वापरता एडी ९२८८ या द्विपरिवर्तक चिपच्या पाच प्रती बसविल्या होत्या. दहा परिवर्तक आळीपाळीने प्रत्येकी सेकंदाला १० कोटी नमुने घेत. दहा माणसांनी एकेक पट्टी घेऊन मोजावे आणि दहांच्या पट्ट्या किंचित वेगळ्या असाव्यात, तसा हा प्रकार आहे. त्यांतील फरक अंशशोधनाने व गणिताने मिटवावा लागतो. महाग घटकांनी जे काम केले असते, ते येथे आज्ञावलीवर सोपविलेले असते.

३. एक यंत्र, दोन किमती

डीएस १०५२ई या उपकरणाची घोषित बँडविड्थ ५० मेगाहर्ट्‌झ होती, तर त्याच मालिकेतील डीएस ११०२ई हे १०० मेगाहर्ट्‌झचे म्हणून अधिक किमतीला विकले जाई. २०१० मध्ये असे उघडकीस आले की दोहोंची अंतर्रचना मूलतः एकच असून, उपकरणात नोंदविलेला मॉडेल क्रमांक बदलला की ५० मेगाहर्ट्‌झचे यंत्र १०० मेगाहर्ट्‌झचे होते. पुढे आलेल्या चार चॅनेलच्या 'डीएस १०५४झेड' या उपकरणातही ५० मेगाहर्ट्‌झची मर्यादा आज्ञावलीनेच घातलेली होती आणि योग्य संकेतशब्द दिल्यास ती १०० मेगाहर्ट्‌झपर्यंत वाढत असे.

याच्या नैतिक व कायदेशीर बाजूंपेक्षा मापनावरील परिणाम शिक्षकांच्या दृष्टीने अधिक निकडीचा आहे. ऑसिलोस्कोपचा स्वतःचा उदयकाल अंदाजे ०.३५ भागिले बँडविड्थ इतका असतो. म्हणजे ५० मेगाहर्ट्‌झला ७ नॅनोसेकंद व १०० मेगाहर्ट्‌झला ३.५ नॅनोसेकंद. समजा, एका तर्कद्वाराच्या निर्गमाचा खरा उदयकाल ५ नॅनोसेकंद आहे. प्रोबचा परिणाम वगळल्यास पडद्यावर दिसणारा उदयकाल हा दोन्ही कालांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ असतो. पहिल्या टेबलावरील ५० मेगाहर्ट्‌झच्या उपकरणावर तो ८.६ नॅनोसेकंद येईल. दुसऱ्या टेबलावर बाह्यतः तसेच दिसणारे, परंतु मर्यादा काढलेले उपकरण असेल, तर ६.१ नॅनोसेकंद येईल. दोन्ही विद्यार्थ्यांनी प्रयोग अचूक केला असूनही एकाचे उत्तर 'चूक' ठरण्याचा धोका आहे. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये मात्र दोन्ही उपकरणांची नोंद एकसारखीच आढळेल.

४. पडद्यावरील काही लकबी

(अ) नसलेली मंद लहर : नमुन्यांचा दर संकेताच्या वारंवारतेच्या दुपटीहून कमी असल्यास पडद्यावर खोटी, कमी वारंवारतेची लहर उमटते. यास एलायसिंग म्हणतात. शैक्षणिक वापराच्या अनेक जुन्या डीएसओंची स्मृती केवळ २,५०० बिंदूंची होती. दर चौकटीस १० मिलिसेकंद अशी कालमापनी ठेवल्यास दहा चौकटींचा अवधी १०० मिलिसेकंद होतो. अर्थात दर सेकंदाला २५,००० नमुने. अशा वेळी २५,०५० हर्ट्‌झचा संकेत दिला, तर पडद्यावर ५० हर्ट्‌झची स्वच्छ साइन लहर दिसते. विद्यार्थी तिला घरगुती विजेचा गोंगाट समजून परिपथाची भूजोडणी तपासत बसतो. १ कोटी २० लाख बिंदूंच्या स्मृतीचे उपकरण त्याच कालमापनीवर, बारा चौकटींसाठी, सेकंदाला १० कोटी नमुने घेऊ शकते. तेथे ही फसगत होत नाही. लहान स्मृतीच्या उपकरणात 'पीक डिटेक्ट' ही पद्धत निवडल्यास लहरीऐवजी भरीव पट्टा दिसतो आणि दोष उघड होतो.

(ब) चॅनेल वाढले की दर घटतो : डीएस १०५४झेडमध्ये सेकंदाला १०० कोटी नमुने हा दर एकच चॅनेल चालू असताना मिळतो. दोन चालू केल्यास तो ५० कोटी आणि तीन किंवा चार केल्यास २५ कोटी होतो. या शेवटच्या स्थितीत १२५ मेगाहर्ट्‌झच्या वरचे घटक खाली दुमडतात. ५० मेगाहर्ट्‌झच्या चौरस लहरीचा तिसरा गुणावर्त १५० मेगाहर्ट्‌झचा असतो. तो दुमडून १०० मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे नेमका दुसऱ्या गुणावर्ताच्या जागी दिसतो. सममित चौरस लहरीत सम गुणावर्त नसतात असे आपण वर्गात शिकवितो आणि प्रयोगशाळेतील वर्णपट मात्र त्याविरुद्ध साक्ष देतो ! येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ५० मेगाहर्ट्‌झची मूळ मर्यादा या घटकाला बरेच क्षीण करीत होती. मर्यादा काढल्याने बँडविड्थ वाढते, नमुन्यांचा दर वाढत नाही. त्यामुळे चार चॅनेल वापरताना 'सुधारलेले' उपकरण अधिक फसवे ठरू शकते.

(क) मोजमाप कशाचे ? : स्वयंचलित मोजमाप संपूर्ण स्मृतीवरून काढले जाते की केवळ पडद्यावर रेखाटलेल्या बिंदूंवरून, हे फर्मवेअरवर अवलंबून असते. पडद्यावर आडवे १,२०० बिंदू व १२ मिलिसेकंदांचा अवधी असल्यास एक बिंदू १० मायक्रोसेकंदांचा होतो. स्मृतीत नॅनोसेकंदाच्या अंतराने नमुने असले, तरी पडद्यावरून मोजणाऱ्या उपकरणाला २ मायक्रोसेकंदांच्या स्पंदाची रुंदी सांगता येणार नाही. तरीही ते आकडा दाखवील, आणि तो तीन दशांश स्थळांपर्यंत असेल. दशांश स्थळांची संख्या ही अचूकतेची ग्वाही नव्हे, हा धडा विद्यार्थ्यांना येथे उत्तम देता येतो.

(ड) उभ्या दिशेतील सूक्ष्मता : आठ-अंकी द्विमान परिवर्तक केवळ २५६ पायऱ्या ओळखतो. आठ चौकटींत एकूण ८ व्होल्ट दाखविताना एक पायरी सुमारे ३१ मिलिव्होल्टची असते. म्हणून ५ मिलिव्होल्टची तरंगिका १ व्होल्टच्या मापनीवर मोजण्यात अर्थ नाही.

५. घड्याळातील दोष व आज्ञावलीने दुरुस्ती

वरील लकबी मर्यादेच्या स्वरूपाच्या आहेत. पुढील उदाहरण मात्र दोषाचे आहे. डीएस १०५४झेड ज्या मालिकेतील आहे, तिच्या आरंभीच्या उपकरणांत ट्रिगरच्या क्षणापासून सुमारे ५ मायक्रोसेकंद अंतरावरील संकेताची कड विस्तारून पाहिल्यास ती स्थिर न दिसता थरथरताना दिसे. परिवर्तकाला घड्याळ पुरविणाऱ्या कलाबद्ध वलयाच्या कार्यमूल्यांची निवड त्याच्या गाळणीशी जुळणारी नसल्याने घड्याळच किंचित डळमळत होते. या दोषाची बरीच चर्चा झाली व उत्पादकाने फर्मवेअरच्या नव्या आवृत्तीद्वारे ती मूल्ये बदलून दोष दूर केला. यंत्राचा एकही स्क्रू उघडावा लागला नाही.

या प्रसंगाचा शैक्षणिक अर्थ महत्त्वाचा आहे. जुन्या आवृत्तीच्या उपकरणावर एखाद्या विद्यार्थ्याने स्वतः बांधलेल्या स्फटिक दोलकाची तपासणी केली असती, तर घड्याळाची थरथर त्याच्या परिपथाच्या माथी मारली गेली असती. मोजणाऱ्याचा दोष मोजल्या जाणाऱ्यावर ढकलला जाणे हा मापनशास्त्रातील सर्वांत जुना अपघात आहे. फर्मवेअरने त्याला नवे रूप दिले आहे, एवढेच.

६. अद्ययावतीकरणाची शिस्त

नवी आवृत्ती नेहमीच हितकारक असते असे नाही. ती एक दोष काढते, क्वचित दुसरा आणते, आणि अनेक उपकरणांत मागील आवृत्तीकडे परतण्याची सोय नसते. म्हणून अद्ययावतीकरणाकडे उपकरणाच्या दुरुस्तीच्याच गांभीर्याने पाहावे. त्यासाठी पुढील क्रम सुचवावासा वाटतो.

(१) सत्र चालू असताना फर्मवेअर बदलू नये. सत्रांमधील सुट्टीत, आधी एकाच उपकरणावर आणि नंतर उरलेल्यांवर हे काम करावे.

(२) मॉडेल, अनुक्रमांक, मुद्रित परिपथपटलाची आवृत्ती आणि फर्मवेअरची आवृत्ती यांची आधी नोंद करावी. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या पटलांना वेगवेगळी फाइल लागू शकते. चुकीच्या फाइलने उपकरण कायमचे निकामी होण्याचा संभव असतो.

(३) फाइल उत्पादकाकडूनच घ्यावी व तिच्यासोबतचे बदलांचे टिपण वाचावे. त्यात आपल्या उपयोगाचे काही नसल्यास बदल न करणेच श्रेयस्कर.

(४) फर्मवेअर लिहिले जात असताना वीज गेल्यास उपकरण पुन्हा सुरू न होण्याची भीती असते. आपल्याकडील वीजपुरवठ्याचा अनुभव लक्षात घेता यूपीएसशिवाय हे काम हाती घेऊ नये.

(५) त्यानंतर उपकरण किमान अर्धा तास तापू द्यावे, सर्व प्रोब काढावेत आणि स्व-अंशशोधन करावे.

(६) आधी व नंतर त्याच कसोट्या घ्याव्यात : मल्टिमीटरने मोजलेल्या विद्युतघटाचे विभवांतर, प्रोब जुळणीसाठी असलेला १ किलोहर्ट्‌झचा संकेत, एका जलद कडेचा उदयकाल आणि ट्रिगरपासून दूरच्या कडेचे स्थैर्य. दोन्ही वाचने एकाच पानावर लिहावीत.

या सर्वांस एका उपकरणामागे फार तर अर्धा दिवस लागतो. प्रयोगशाळा साहाय्यक व पदव्युत्तर विद्यार्थी यांच्याकडून हे काम प्रात्यक्षिक म्हणूनही करून घेता येईल.

मर्यादा काढून बँडविड्थ वाढविण्याविषयी वेगळे मत नोंदविणे आवश्यक आहे. व्यक्तीने स्वतःच्या उपकरणावर काय करावे हा तिचा प्रश्न आहे. तथापि, निविदेद्वारे ५० मेगाहर्ट्‌झचे म्हणून घेतलेले उपकरण संस्थेने अनधिकृत संकेतशब्दाने १०० मेगाहर्ट्‌झचे करणे हे परवान्याच्या दृष्टीने अयोग्य आहे आणि वाढीव कक्षेत त्याच्या अचूकतेची हमीही उत्पादक देत नाही.

७. निष्कर्ष

अल्पखर्ची डीएसओमुळे एकेकाळी विभागात एखादेच असणारे उपकरण आता प्रत्येक टेबलावर येऊ शकते, हा लाभ मोठा आहे. त्यावर संशय घेऊन सीआरओकडे परतण्याचे कारण नाही. मात्र डीएसओवरील आकडा हे निसर्गाचे थेट वाचन नसून एका आज्ञावलीने लावलेला अर्थ आहे, याचे भान शिक्षकांनी ठेवले पाहिजे. त्याची सुरुवात अगदी लहान गोष्टीने करता येईल. जर्नलमधील उपकरणांच्या यादीत 'डीएसओ' एवढेच न लिहिता मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती, चालू चॅनेलांची संख्या आणि नमुन्यांचा दर लिहिण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी. एका ओळीची ही नोंद असेल, तर दोन टेबलांवरील दोन वेगळ्या उत्तरांचे कारण परीक्षकाला पाहता येईल आणि प्रामाणिकपणे प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्यावर अन्याय होणार नाही.