रोजकीर्द आणि ताळेबंद : सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर शिक्षणाविषयी



एका पावसाळ्यात तापाच्या रुग्णासोबत आलेल्या एका गृहस्थांनी मला विचारले, “साहेब, आमच्या चाळीतला या आठवड्यातला हा तिसरा ताप. हे कशामुळे होते आहे?” तिघांवरही आपल्याकडे उत्तम उपचार झाले होते. मात्र त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. तिन्ही केसपेपर काढून पाहिले, तर दोहोंवर चाळीचा पत्ताच अपुरा होता.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. रोजकीर्दीत नोंदी कितीही चोख असल्या, तरी ताळेबंद मांडल्यावाचून संस्थेची खरी स्थिती कळत नाही, हे आम्हांस प्रथम शिकविले जाते. डॉक्टर एकेका रुग्णाची नोंद पाहतात. संपूर्ण वस्तीचा ताळेबंद मांडण्याची विद्या म्हणजे सार्वजनिक आरोग्यशास्त्र होय.

ही विद्या आपल्या परिसराला नवी नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्या साथीतूनच १८९९ साली परळ येथे प्लेग संशोधन प्रयोगशाळा, म्हणजेच आजची हाफकिन संस्था, उभी राहिली. केवळ रुग्णसेवेने साथ आटोपत नाही. उंदीर, पिसवा व दाट वस्ती यांचाही विचार करावा लागतो, हा धडा तेव्हा मिळाला. कलकत्त्यात १९३२ साली अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था स्थापन झाली.

आज ‘मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ’ हा सर्वसाधारणपणे दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था व सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ येथे त्याची सोय आहे. साथरोगशास्त्र, जैवसांख्यिकी, पर्यावरण व आरोग्य, आरोग्य-अर्थशास्त्र आणि धोरण हे त्याचे प्रमुख विषय. प्रत्यक्ष वस्तीत जाऊन केलेले क्षेत्रकार्य हा त्याचा कणा. अनेक ठिकाणी वैद्यकेतर पदवीधरांनाही प्रवेश मिळतो, ही बाब येथील तरुणांनी ध्यानात घ्यावी.

याचा उपयोग काय? जुलै २०१८ मध्ये वसई-विरार जलमय झाले, ते आपणां सर्वांस स्मरत असेल. अशा साचलेल्या पाण्यात उंदरांचे वा गुरांचे मूत्र मिसळले, की पायावरील जखमेतून लेप्टोस्पायरोसिसचा जंतू शरीरात शिरू शकतो. कोणत्या गल्लीत पाणी किती काळ साचले, तेथून तापाचे रुग्ण किती आले, हे जुळवून पाहणारा प्रशिक्षित माणूस असेल, तर प्रतिबंधक औषध वेळेत कोठे पोहोचवावे हे ठरविता येते. त्याच्या अभावी रुग्ण अतिदक्षता विभागात आल्यावरच आपणांस वार्ता लागते.

राष्ट्रीय आरोग्य धोरण, २०१७ मध्ये राज्यांनी सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचे स्वतंत्र संवर्ग निर्माण करावेत, असे सुचविले आहे. २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याविषयी मार्गदर्शक सूचनाही प्रसिद्ध केल्या. परंतु धर्मादाय रुग्णालयांनी शासनाची वाट पाहत बसावे, असे मला वाटत नाही.

देणगीतून खाट वा यंत्र घेतले, की त्यावर दात्याचे नाव लावता येते. टळलेल्या आजारावर नावाची पाटी लावता येत नाही. तरीही आपल्या एखाद्या होतकरू कर्मचाऱ्यास या शिक्षणासाठी साहाय्य करावे आणि अशा विद्यार्थ्यांस क्षेत्रकार्यासाठी आपले दार खुले ठेवावे, अशी विश्वस्त मंडळास व दात्यांस माझी नम्र विनंती आहे. केसपेपरवरील पत्ता पूर्ण लिहून घेण्यास मात्र पैसा लागत नाही. ते काम आमचे आहे, आणि आप्तेष्टांनी त्यात सहकार्य करावे.

— प्रशासक