पडदा परत आला पाहिजे

कोलोनजवळच्या वेसेलिंगमध्ये शेलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात २०२१ साली विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारा १० मेगावॉटचा इलेक्ट्रोलायझर सुरू झाला, तर लुडविग्सहाफेनला बीएएसएफने २०२५ मध्ये ५४ मेगावॉटचा सुरू केला. चर्चा होते ती मेगावॉटची. खरे काम करतो तो मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही पातळ असा पडदा. धन बाजूला पाणी फुटते, ऑक्सिजन तिथेच सुटतो, आणि प्रोटॉन पडद्यातल्या सल्फॉनिक आम्लाच्या आधाराने पलीकडे जाऊन हायड्रोजन बनतात. इलेक्ट्रॉनना ही वाट बंद असते, ते तारेतूनच फिरून येतात. पडदा जितका पातळ तितकी वीज वाचते, पण हायड्रोजन उलटा ऑक्सिजनकडे झिरपू लागतो. वारा पडून पवनवीज घटली, की ऑक्सिजन कमी तयार होतो आणि झिरपणे मात्र फारसे घटत नाही; हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ते मिश्रण स्फोटक ठरते.

हा पडदा फ्लोरीनयुक्त पॉलिमरचा, म्हणजे निसर्गात विघटन न होणाऱ्या ‘पीफास’ कुळातला. याच रसायनांवर युरोपभर निर्बंध आणण्याचा प्रस्ताव जर्मनीने इतर चार देशांसह जानेवारी २०२३ मध्ये मांडला, आणि त्याच वर्षी २०३० पर्यंत १० गिगावॉट इलेक्ट्रोलायझर उभारण्याचे ठरवले. हा विसंगतपणा आहे, असा आक्षेप घेतला जातो. पण तीव्र आम्ल, ८० अंशांपर्यंतची उष्णता आणि पेरॉक्साइडपासून निघणारे रॅडिकल यांपुढे साधे पॉलिमर लवकर झिजतात. अल्कधर्मी इलेक्ट्रोलायझरला हा पडदा लागत नाही, हे खरे. मात्र कमी विजेवर चालताना त्यातले वायू मिसळण्याची अडचण अधिक. इव्होनिक ही रसायन कंपनी मार्ल येथे ऋणायन वाहणारा, फ्लोरीनविरहित पडदा विकसित करते आहे. त्यासोबत उत्प्रेरक म्हणून दुर्मीळ इरिडियमऐवजी निकेल चालते. पण तिथला हायड्रॉक्साइडच पडद्यातल्या धनभारित गटांवर हल्ला करतो, म्हणून आयुष्याचा प्रश्न उरतो. तो सुटेपर्यंत थांबा, हा सल्ला मला पटत नाही. थांबलो तर तितका काळ नैसर्गिक वायूपासूनच हायड्रोजन बनत राहील.

आजचा पडदा वापरावा, पण अट घालून. जुन्या संचातले इरिडियम आणि प्लॅटिनम महाग असल्याने कोणीही परत काढेल. पडद्याची तशी काळजी कोण घेणार? जाळला तर त्यातून हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू निघतो. अल्कोहोल आणि पाण्यात विरघळवून हे पॉलिमर परत मिळवता येते, हे प्रयोगशाळांनी दाखवले आहे. म्हणून उत्पादकाने वापरलेला पडदा परत घेण्याची सक्ती प्रकल्पाच्या परवान्यातच लिहिली जावी, आणि सरकारी अनुदान त्यानंतरच मिळावे.