बांबू फुलतो तेव्हा



धानोऱ्याकडच्या किंवा सिंदेवाहीकडच्या रानात एखाद्या वर्षी बांबूला तुरे दिसू लागले, की जुनी माणसे चिंतेत पडतात. फुले आली तर चिंता कसली, असे शाळेतला मुलगा विचारील. त्याला सांगावे लागेल की, बाबा, बांबू फुलतो तो मरण्याआधी, एकदाच.

आपण त्याला झाड म्हणतो खरे, पण बांबू हे गवत. धान, ज्वारी, ऊस यांच्या कुळातले. धान एका हंगामात पिकते आणि वाळते. आपल्या रानातला भरीव बांबूही तेच करतो, फक्त त्याचा हंगाम बहुधा तीस-चाळीस वर्षांचा! तोवर तो बियांवाचूनच वाढतो. जमिनीतला कंद दर पावसाळ्यात नवे वास्ते वर काढतो आणि रांजी रुंदावत जाते. रांजीत पन्नास काठ्या मोजल्या तरी ती पन्नास भावंडे नव्हेत. एकाच झाडाचे ते पन्नास हात.

भावंडे होतात ती बियांतून. वाऱ्याने एका रांजीचा पराग दुसरीवर जातो, गुणांची सरमिसळ होते. मग एक रोप सरळ वाढणारे निघते, एक कोरडे वर्ष सोसणारे, एक किडीला दाद न देणारे. शास्त्रज्ञ याला जनुकीय विविधता म्हणतात. शेतकऱ्याला ती नवी नाही. घरात धानाचे चार वाण कशासाठी ठेवतात, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

आता लागवडीतली एक चूक पाहा. चांगली रांजी दिसली की तिचेच कंद काढून गावभर लावतात. काठी तशीच मिळते, हे खरे. पण कंदाबरोबर तिचे वयही येते. मूळ रांजी फुलली, की तिची लेकरेही बहुधा त्याच सुमारास फुलतात आणि वाळतात. मग बुरुडाने सूप-टोपलीसाठी काठी आणायची कुठून? बियांपासून तोडण्याजोगी रांजी व्हायला दहाएक वर्षे तरी जातात.

वेताची गोष्ट तर याहून नाजूक. त्यात नर वेगळा, मादी वेगळी. एकाच जातीची तोड झाली तर बी धरणारच नाही. वनहक्क कायद्याने (२००६) बांबू आणि वेत ही दोन्ही गौण वनोपजात धरली आहेत. त्याच कायद्याखाली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ च्या एप्रिलात बांबूच्या वाहतुकीचे परवानेही ग्रामसभेच्या हाती आले. तेव्हा बांबू किती तोडावा याबरोबर बी कसे राखावे, हाही आता ग्रामसभेत बोलण्याचा विषय आहे.

बी पडते उन्हाळ्यात. नेमका तोच वणव्याचा काळ. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून पाला पेटवला, की तीस वर्षांचे बी एका दुपारी जाते. उरलेले उंदीर खातात. पावसात जे उगवते ते गवतासारखे कोवळे, गुरांच्या तोंडी सहज येणारे. म्हणून फुललेल्या भागात पहिली काही वर्षे आग आणि चराई दोन्ही थांबवावी लागतात.

गुरुजींनी मुलांना घेऊन बी गोळा करावे ते एका रांजीखालचे नव्हे. दूरदूरच्या वीस-पंचवीस रांज्यांखालचे, थोडे थोडे. पिशवीवर रानाचे नाव व तारीख लिहावी. आणि ते फडताळात ठेवून देऊ नये, त्याच पावसाळ्यात वाफ्यात पेरावे.