चिकावर पहिला हक्क वासराचा

गाय व्याली की घरोघरी खरवसाची वाट पाहिली जाते. शेजारी चीक वाटण्याचीही रीत आहे. ही रीत आनंदाची खरी. परंतु वासराच्या वाट्याचा चीक खरवसात गेला, तर त्याची किंमत वासराला प्राणांनी मोजावी लागते. त्यामागील कारण प्रत्येक पशुपालकाने समजून घेतले पाहिजे.

वासरू निःशस्त्र जन्मते

रोगजंतूंशी झुंजणारी प्रतिद्रव्ये मनुष्याच्या गर्भाला आईच्या रक्तातून वारेवाटे मिळतात. गाय व म्हैस यांच्या वारेची रचना निराळी असल्यामुळे ती गर्भापर्यंत पोचत नाहीत. निसर्गाने ती चिकात साठविली आहेत. चीक उष्णतेने थिजतो तो त्यातील विपुल प्रथिनांमुळे. आणि प्रतिद्रव्ये ही याच प्रथिनांपैकी होत. नवजात वासराच्या आतड्यातून ती जशीच्या तशी रक्तात शिरतात. परंतु हे द्वार काही तासांतच मिटू लागते व सुमारे २४ तासांत बंद होते. अशा वेळी चीक न मिळालेले वासरू हगवण, फुफ्फुसदाह यांस सहज बळी पडते.

वार पडेपर्यंत वासराला पाजू नये, ही समजूत म्हणूनच घातक आहे. वार पडण्यास कित्येक तास लागतात. तेवढ्यात अमोल वेळ निघून जातो.

काय करावे?

१. कास व आचळ स्वच्छ धुऊन, जन्मापासून एक ते दोन तासांत पहिला चीक पाजावा.

२. पहिल्या २४ तासांत वासराच्या वजनाच्या सुमारे एक-दशांश चीक पाजावा. २५ किलो वजनाच्या वासरास अडीच लिटर चीक लागेल.

३. वासरू अशक्त असल्यास चीक पिळून बाटलीने सावकाश पाजावा. तो उकळू नये. उकळल्यास प्रतिद्रव्ये नष्ट होतात.

४. गाय दगावल्यास नुकत्याच व्यालेल्या दुसऱ्या निरोगी गाईचा चीक द्यावा.

५. नाळेस टिंक्चर आयोडीन लावावे.

वासराची गरज भागल्यावर उरलेल्या चिकाचा खरवस खुशाल करावा.

रक्तातून येणारा दोष

चिकाअभावी आलेली उणीव टाळता येते. काही उणिवा मात्र आनुवंशिक असतात. होल्स्टीन फ्रीजियन जातीतील ‘ब्लॅड’ हा त्यांपैकी एक दोष होय. त्यात पांढऱ्या पेशी रक्तात विपुल असूनही रक्तवाहिनीबाहेर पडून जंतूंपर्यंत पोचू शकत नाहीत. वासरास वारंवार हगवण व फुफ्फुसदाह होतो, तोंडात व्रण पडतात, जखमा भरत नाहीत आणि बहुधा ते वर्षाच्या आत मरते. या दोषाचा माग १९५२ साली अमेरिकेत जन्मलेल्या ऑस्बॉर्नडेल आयव्हनहो या वळूपर्यंत लागला. त्याचे जनुकीय मूळ १९९२ साली प्रसिद्ध झाले.

दोषवाहक जनावर निरोगी दिसते. आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक वासरू रोगी निपजण्याचा संभव चारांत एक असतो. यास औषध नाही, प्रतिबंध आहे. कृत्रिम रेतनासाठी जनुकीय तपासणी झालेल्या वळूचेच रेत वापरावे, वळूचा क्रमांक नोंदवून ठेवावा व त्याच वळूचे रेत त्याच्या कालवडींस देऊ नये.

ग्रामीण कार्यकर्त्यांनी गाभण जनावराच्या शेवटच्या महिन्यातच त्या घरी जाऊन, विशेषतः गोठा सांभाळणाऱ्या भगिनींना, ही माहिती द्यावी. पहिल्या दोन तासांतील दक्षता पुढील अनेक वेतांची कमाई राखते.